विरहाचे वाङ्मय आणि जोडीचा कोयता

कॉलेजात आम्हांला नायिकाभेद शिकविला गेला, तेव्हा ‘प्रोषितभर्तृका’ हा शब्द प्रथम कानी पडला. जिचा पती परगावी गेला आहे, ती. तिची कृशता, तिची एकवेणी, मेघाकडे लागलेली तिची दृष्टी ह्यांची साहित्यशास्त्रकारांनी मोठ्या साक्षेपाने नोंद केली आहे. मात्र तो पती कोणत्या कामासाठी गेला, किती महिन्यांसाठी गेला, आणि त्याच्या माघारी त्या घरात पाळणा हलला की नाही, ह्या प्रश्नांना शास्त्रात स्थान नाही. विप्रलंभ हा शृंगाराचा एक प्रकार. त्याला पोटापाण्याची कारणे कशाला हवीत, अशी काहीशी वृत्ती त्यामागे असावी. आमच्या समीक्षेने ती वृत्ती जशीच्या तशी उचलली आणि मराठीतील विरहकाव्याकडे बहुधा भावनेचे काव्य म्हणूनच पाहिले.

कवी मात्र शास्त्रकारांहून अधिक व्यवहारी होते. हालाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे ज्या महाराष्ट्री प्राकृताशी आपण आपले नाते अभिमानाने सांगतो त्या भाषेत, पथिक आणि त्याची घरी राहिलेली स्त्री वारंवार भेटतात, आणि तेथे पाऊस येतो तो केवळ उद्दीपन म्हणून नव्हे, तर परतीची मुदत म्हणून येतो. वाटा बंद होण्यापूर्वी प्रवाशाने घरी पोहोचावयाचे, असा तो अलिखित करार. ‘मेघदूता’तील यक्षाची शिक्षा एका वर्षाची आणि त्यातले चार महिने उरलेले, हा हिशेब कालिदासानेही सोडलेला नाही. विरहाला पंचांग असते, हे कवींना ठाऊक होते.

ह्या लेखात आम्हांला जे म्हणावयाचे आहे ते ह्या पंचांगासंबंधी आहे. मराठीतील विरहाचे वाङ्मय हे एका विशिष्ट तऱ्हेच्या स्थलांतराचे वाङ्मय आहे: पुरुष एकटा जातो, स्त्री मागे राहते, आणि तो ठराविक ऋतूत परततो. लग्न केव्हा व्हावे, मुले केव्हा आणि किती अंतराने व्हावीत, हे त्या जाण्यायेण्यावर ठरते. उलट, जेथे नवराबायको जोडीने बाहेर पडतात तेथे लग्नाचे आणि बाळंतपणाचे सारे गणित बदलते. आणि तेथे आपले हे जुने वाङ्मयरूपही निरुपयोगी होते. गेल्या काही वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत असे घडले आहे, पण आपली समीक्षा अद्याप मेघाकडेच पाहत उभी आहे, अशी आमची तक्रार आहे.

पेशवाईतील लावणीपासून सुरुवात करू. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीवर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीस येत. उत्तरेकडच्या मोहिमा तर वर्षानुवर्षे लांबत. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर ह्यांच्या काळातील श्रोता हा असा घराबाहेर राहणारा शिपाईगडी होता, आणि लावणीतील वाट पाहणारी स्त्री ही त्याच्या मनातली स्त्री होती. तिचे दुःख पुरुषाने रचलेले, पुरुषाने ऐकावयाचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांना ह्या जाण्यायेण्याविषयी अधिक सांगावयास नको. शिंदे-होळकर-गायकवाडांच्या पदरी गेलेली माणसे एकटी होती तोवर ती छावणी होती. ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ ह्या भागाच्या नावात ती अजून शिल्लक आहे. बायकामुले गेली, दक्षिणेतून सुना येऊ लागल्या, तेव्हा त्या छावणीचे शहर झाले. आज आमच्या ह्या विखुरलेल्या मराठी वस्त्यांतून भाषा टिकली असेल, तर ती त्या सुनांनी टिकविली. सरदारांच्या बखरी पुष्कळ आहेत; त्या सुनांच्या प्रवासाची बखर कोणी लिहिली नाही.

पुढे फौजेची जागा गिरणीने घेतली. १८५० नंतरच्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली आणि रत्नागिरीकडील तरुण बोटीने मुंबईस जाऊ लागला. तो गाळ्यात दहा-वीस जणांत राहिला, पाळीपाळीने एकाच जागेवर झोपला, खानावळीत जेवला. त्याचे लग्न गावी झाले आणि बायको गावीच राहिली. ह्यात त्याच्या मर्जीचा भाग थोडा होता. खोलीत जागा नव्हती, पगार दोघांना पुरणारा नव्हता, आणि गावी भाताची दोन कुणगी व म्हातारे आईबाप होते. त्यांना हात हवे होते. लग्नाने मुंबईच्या माणसाला संसार मिळाला असे आपण म्हणतो. खरे तर गावच्या घराला कामाचे माणूस मिळाले. म्हणून मुलगा मुंबईस लागला की लग्न पुढे न ढकलता बहुधा उरकूनच घेत.

मुलांच्या जन्माचे पंचांग मग रजेच्या पंचांगावर बसले. चाकरमानी गणपतीला आला तर ज्येष्ठात पाळणा, शिमग्याला आला तर मार्गशीर्षात. रजा चुकली की मुलांमधले अंतर वाढले. हे जन्मतारखांवरून पडताळून पाहता आले असते, पण तो पुरावा आम्हा मुख्याध्यापकांच्याच पूर्वसूरींनी नष्ट केला. शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी निमूटपणे १ जून लिहीत. पिढ्यान् पिढ्या १ जूनला जन्मल्या. विनोद म्हणून आम्ही हे पुष्कळदा सांगितले आहे; आता त्याचे हसू येत नाही.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. हे दोन आकडे एकमेकांचे पूरक आहेत. येथे जे कमी आहे ते तेथे अधिक आहे. गोव्यातही १९०० पासून १९६० पर्यंतच्या प्रत्येक गणनेत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक भरली. १९७१ मध्ये, मुक्तीनंतर बाहेरचा पुरुष गोव्यात येऊ लागल्यावर, ती प्रथमच हजाराखाली, ९८१ वर आली. गोव्याचा पुरुष मुंबईच्या कुडांत आणि आगबोटींवर होता. तेथे लग्ने उशिरा होत गेली आणि घरे लहान झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचे प्रमाण दर स्त्रीमागे १.३ अपत्ये एवढेच आहे. ह्याचे सारे श्रेय किंवा दूषण परदेशगमनाला देता येणार नाही, शिक्षणाचा वाटा मोठा आहे. पण एकाच किनाऱ्यावर, एकाच शहराकडे जाणाऱ्या दोन समाजांत लग्नाचे वय दोन दिशांना जावे, एवढी गोष्ट ह्या विषयात सरळ सूत्र शोधणाऱ्याने लक्षात ठेवावी.

ह्या सगळ्या व्यवहाराचे मराठीतील सर्वांत मोठे काव्य कोणते, असे विचारले तर आम्ही अण्णा भाऊ साठे ह्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ ह्या छक्कडीचे नाव घेऊ. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील ही रचना. तिच्या पूर्वार्धात दारिद्र्यामुळे झालेली ताटातूट आहे, पहाटेचे निघणे आहे, बरोबर बांधून दिलेली शिदोरी आहे, वेशीपर्यंत पोचवावयास आलेली बायको आहे. उत्तरार्धात ही ताटातूट खंडित महाराष्ट्राची होते आणि बेळगाव, कारवार ही नावे मैनेच्या जागी येतात. सीमाभागातील श्रोत्याची येथे मोठी विलक्षण स्थिती होते. मुंबईचा कामगार ही छक्कड ऐकताना नवऱ्याच्या जागी असतो. आम्ही मागे राहिलेल्या बायकोच्या जागी असतो. आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलो, सभांतून डोळे पुसत ऐकली, आणि राजकीय अर्थात इतके गुंतलो की ती बायको आमच्या नजरेतून निसटली. उपमान तेवढे धरले आणि उपमेय सोडले, असेच म्हणावे लागेल. किंवा त्याच्या उलट.

आता ती बायको पाहा. नवरा तिचे वर्णन लावणीच्या थाटात करतो. ते अलंकार जुनेच आहेत, आणि शाहिराच्या तोंडी ते शोभतात. पण निघताना तो तिला दागिन्यांची वचने देऊ लागतो, एकामागून एक दागिना मोजू लागतो, तेव्हा सूर बदलतो. ही यादी जितकी लांबत जाते तितके श्रोत्याला कळत जाते, की ह्यातले काहीही येणार नाही. आणि ती हसत नाही. संबंध रचनेत ती एक शब्द बोलत नाही, तरी तिचे हे न हसणे म्हणजे त्या वचनांना दिलेले उत्तर आहे. रत्नागिरीची वा वाळव्याची कोणतीही स्त्री हे उत्तर ओळखील. यक्षपत्नीच्या अश्रूंपेक्षा हे न हसणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात हिशेब आहे.

तरीही दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. पहिली अशी, की ह्या छक्कडीत मूल नाही. ते पोटात नाही, पाळण्यात नाही, शेजारणीच्या बोलण्यातही नाही. विरहाच्या रूपबंधाला मूल परवडत नाही; पदराला धरून उभे असलेले पोर वेशीवर आले की नायिकेची आई होते आणि लावणी अडखळते. दुसरी गोष्ट अशी, की स्वतः अण्णा भाऊ लहानपणी वाटेगावहून मुंबईस गेले ते आपल्या माणसांबरोबर, पायी. एकट्या पुरुषाने बोटीत वा गाडीत बसून जाणे हा त्यांच्या घरचा अनुभव नव्हता. भूमीहीन घराला मागे राखावयास शेत नसते. ते घर सबंधच उठते. तरी गीत रचताना त्यांनी एकट्या पुरुषाचा साचा घेतला, कारण समोरचा श्रोता तसा होता आणि लावणीची परंपरा तशी होती. परंपरा किती बळकट असते ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आणि ‘राहिली’ ह्या क्रियापदाचे काय? मैना ‘गावावर राहिली’, असे नवरा म्हणतो. पण ते गाव तिचे नव्हेच. ती तेथे लग्न होऊन आलेली. आपल्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच नोंदले जाते. वाङ्मयात मात्र पुरुष जातो त्याला आपण स्थलांतर म्हणतो आणि स्त्री जाते त्याला सासरी जाणे. जात्यावरच्या ओव्यांनी ही चूक केली नाही. सानेगुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये जमविलेल्या ओव्या पाहाव्यात, किंवा हेमा राईरकर व गी पॉइटेविन ह्यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्या पाहाव्यात: त्यांत परगावी गेलेल्या नवऱ्याहून न्यावयास येणारा भाऊ कितीतरी मोठा आहे. तिच्या लेखी ताटातूट झाली ती माहेराशी. नवऱ्याचे मुंबईस जाणे ही तिच्या आयुष्यातली दुसरी ताटातूट. शिष्ट वाङ्मयाने पहिलीला रिवाज मानले आणि दुसरीला काव्य.

ह्या दोन्ही गोष्टी एका स्त्रीच्या हातून एकत्र आलेल्या पाहावयाच्या तर उर्मिला पवार ह्यांचे ‘आयदान’ (२००३) वाचावे. डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजारास ओझी घेऊन चाललेल्या बायकांपासून ते सुरू होते. चालणाऱ्या त्या आहेत. कोणी कोणाची वाट पाहत बसलेले नाही. पुढे लेखिका स्वतः मुंबईस येते, नोकरी करते, संसार करते. आणि शरीर, बाळंतपण, अपत्याचा मृत्यू ह्यांविषयी ज्या धीटपणे लिहिते तो धीटपणा विरहकाव्याच्या चौकटीत कोठेच बसला नसता. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ ह्या दशकात घटली. पुरुषामागोमाग आता घरेच निघाली आहेत. मैना आता गावावर राहिलेली नाही, हे ‘आयदान’ने आधी सांगितले.

येथवर कोकणचे झाले. आता आमच्या दारात जे चालले आहे त्याविषयी लिहिणे भाग आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या ह्या सीमाभागात साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते आणि बीडकडील टोळ्या येतात. शाळेमागच्या माळावर आठ दिवसांत कोप्या उभ्या राहतात. दिवस तोच, सीमोल्लंघनाचा. परतही तशीच, पावसाळ्याच्या आत. फरक एवढाच, की ह्या मोहिमेवर शिपायाबरोबर त्याची बायको असते. नुसती असते असे नव्हे, ती असल्याशिवाय त्याला घेतच नाहीत. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्याचा तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. त्याने तोडावयाचे, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावयाच्या, आणि दिवस बुडाला की खाडा दोघांच्या नावावर.

ह्या एका मोजमापाने लग्नाचे वय खाली आणले. मुलगा हाताशी आला की त्याला जोडी हवी, तरच पुरी उचल. मुलगी वयात आली की तिला माघारी कोणाच्या भरवशावर ठेवावयाची, हा बापाचा घोर. दोन्ही बाजूंनी घाई. हंगामाच्या तोंडावर उरकलेल्या अशा लग्नांना तिकडे ‘गेटकेन’ म्हणतात. हा कारखान्याच्या भाषेतला शब्द, ऊस खरेदीचा, मुलींच्या लग्नाला लागला आहे. भाषेचे शिक्षक म्हणून अर्थविस्ताराची पुष्कळ उदाहरणे आम्ही दिली. हे एक वर्गात द्यावेसे वाटत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हा आकडा ४३.७ आहे.

अपत्यजन्माचे तेच. गिरणीकामगाराच्या घरी अंतर पाडीत असे ते अंतर येथे नाही. नवराबायको हंगामभर एका कोपीत. मूल फडाच्या कडेला, पाचटावर निजविलेले. पाळीचे चार दिवस म्हणजे खाडा, गर्भारपण म्हणजे खाडा, अंगावरचे दुखणे म्हणजे खाडा. मग लवकर लग्न, लवकर दोन-तीन मुले, आणि पुढे गर्भाशयच काढून टाकणे. बीडमधील ह्या शस्त्रक्रियांचा बोभाटा २०१९ मध्ये झाला. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया आधीच्या दहा वर्षांत झालेली होती. ह्यांत वैद्यकीय गरज किती आणि डॉक्टरांचा लोभ किती, हे ठरविणे आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न असा, की ही गोष्ट मराठी वाचकाला प्रथम कोठून कळली? वर्तमानपत्रातून आणि अहवालातून कळली. कवितेतून नाही, कथेतून नाही.

ह्याचा दोष केवळ लेखकांच्या उदासीनतेवर टाकणे अन्यायाचे होईल. अडचण रूपाची आहे. विरहाला गाण्याची चाल हजार वर्षांपासून तयार आहे. जोडीने उपसलेल्या कष्टांना तशी चाल नाही. जेथे घरच्या घर उठून चालू लागते, तेथे मराठीला गद्य आत्मकथन सापडले. लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवांवर संसार लादून हिंडणारे कैकाडी कुटुंब आहे. तेथे कोणी मागे राहत नाही, म्हणून विरह नाही; भूक, बाळंतपण, पोरांचे आजार, सारे वाटेवरच. ते पुस्तक वाचताना शृंगाराच्या कोणत्याही भेदाची आठवण होत नाही, आणि ह्याच कारणाने ‘रसहीन’ असा शेरा त्या पिढीच्या आत्मकथनांवर मारणारे वाचक आम्ही पाहिले आहेत. परंतु ‘उपरा’ हेही मुलाचे कथन आहे. आई त्यात दिसते ती मुलाच्या उंचीवरून. कोयत्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे कथन, म्हणजे जिने मोळी वाहिली आणि जिचे गर्भाशय काढले तिचे, तिच्याच तोंडून आलेले आम्हांला हवे आहे. तिच्याजवळ आता जातेही नाही. दळण गिरणीतून येते. पहाटेची ओवी जेथे सुचत असे ती जागा तिच्या दिवसातून गेली. कोपीपुढे भाकरी थापताना, किंवा गाडीची वाट पाहत मोळीवर बसली असताना ती काही म्हणते की नाही, हे कोणी लिहून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परिषदेच्या शाखा कारखान्यांच्या गावोगाव आहेत आणि हंगाम पाच-सहा महिने चालतो.

मागल्या हंगामात कोप्यांवरची एक मुलगी, दोन धाकटी भावंडे घेऊन, आमच्या शाळेत पाच-सहा आठवडे येऊन बसत असे. वाचन बरे होते. जन्मतारीख विचारली तेव्हा ती म्हणाली, आई सांगते, गळीत बंद व्हायच्या वेळी फडात झाले. आम्ही १ जून लिहिले. ह्या वर्षी ती पुन्हा आली, गळ्यात काळी पोत, कडेवर जावेचे मूल. फाटकाशी उभी राहिली आणि मुलाला इथे बसवून घ्याल का, असे विचारू लागली. मूल लहान होते, अंगणवाडीच्या वयाचे. तुझे नाव अजून पटावर आहे, असे आम्ही तिला सांगितले. तेव्हा ती हसली नाही. ट्रॅक्टर आला होता आणि तिला हाका येत होत्या.